लहान चर्चशाळेची पारख

दक्षिण लंडनमधील ओव्हलचे क्रिकेट मैदान भारतीय श्रोत्यांना अपरिचित नाही. १९७१ च्या ऑगस्ट महिन्यात अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळविला, तो याच मैदानावर. मैदानासमोर, केवळ रस्ता ओलांडला की, आर्चबिशप टेनिसन शाळा होती. जून-जुलैमध्ये सामने चालू असताना तेथील वर्गांत बीजगणित शिकविणाऱ्या शिक्षकांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. १६८५ साली टॉमस टेनिसन या धर्मोपदेशकाने ही शाळा स्थापन केली. पुढे तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि शाळेला त्याचे नाव मिळाले. तीन शतकांहून अधिक काळ चाललेली ही शाळा २०२३ साली बंद झाली. पुढल्याच वर्षी त्याच लँबेथ विभागातील, १६९९ साली स्थापन झालेली, सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स ही मुलींची शाळाही बंद झाली. दोन्ही शाळा चर्च ऑफ इंग्लंडच्या, दोन्ही माध्यमिक, आणि शेवटच्या वर्षांत दोन्हींचा पट फार लहान झालेला. लंडनच्या मध्यवर्ती भागात जन्मांचे प्रमाण घटले, घरभाडे न परवडणारी कुटुंबे दूर राहावयास गेली. आणि इंग्लंडमध्ये शाळेला मिळणारा पैसा मुख्यतः विद्यार्थ्यांच्या संख्येवर अवलंबून असल्यामुळे, रिकामी बाके म्हणजे रिकामी तिजोरी हे समीकरण पुरे झाले.

ही दोन नावे पालकांना घाबरविण्यासाठी सांगितलेली नाहीत. लहान शाळा म्हणजे मरणासन्न शाळा, असे मुळीच नव्हे. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी शाळा निवडताना पालक किमान पुढील पाच वर्षांचा निर्णय घेत असतात. शाळेच्या देखण्या माहितीपत्रकात शांत वातावरणाची, जिव्हाळ्याची आणि मूल्यांची वर्णने असतात; पाच वर्षांनी ही शाळा कोणत्या अवस्थेत असेल, याविषयी त्यात सहसा एक ओळही नसते. ती ओळ पालकांनाच शोधून काढावी लागते. ती कोठे शोधावी, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भारतात चर्चची शाळा म्हटली की इंग्रजी माध्यम, कडक गणवेश आणि बेताच्या उत्पन्नाच्या माणसाला न झेपणारे शुल्क, असे चित्र डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमधील बहुतेक चर्चशाळा याहून वेगळ्या आहेत. त्या सरकारी खर्चाने चालतात आणि शिक्षणाचे शुल्क घेत नाहीत. गरिबांच्या मुलांना शिक्षण देण्यासाठी चर्चच्या पुढाकाराने १८११ साली नॅशनल सोसायटी स्थापन झाली. शासनाने शाळांसाठी पहिले अनुदान दिले ते १८३३ साली, आणि सार्वजनिक शाळा उभारण्याचा कायदा झाला तो १८७० साली. म्हणजे गावोगावी शाळा काढण्याच्या कामात चर्च शासनाच्या पुष्कळ पुढे होते. १९४४ च्या शिक्षण कायद्याने या दोघांचा संसार रीतसर लावून दिला. त्यातून शाळांचे दोन प्रमुख प्रकार झाले. 'एडेड' शाळेत चर्चने नेमलेल्या सदस्यांचे नियामक मंडळात बहुमत असते. शिक्षकांची नेमणूक आणि प्रवेशाचे नियम हे मंडळच ठरविते. आणि इमारतीच्या मोठ्या खर्चाचा काही वाटा, आता साधारणतः दहा टक्के, त्याला उचलावा लागतो. 'कंट्रोल्ड' शाळेत हे अधिकार बहुतांशी स्थानिक प्राधिकरणाकडे असतात. २०१० नंतर अनेक शाळा 'अकॅडमी' झाल्या. त्या थेट केंद्र शासनाशी करार करतात, पण त्यांचे चर्चशी असलेले नाते कायम राहते. आज चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून अधिक शाळा आहेत. मात्र त्यांतील फार मोठा भाग प्राथमिक शाळांचा असून माध्यमिक शाळा दोनशेच्या थोड्या वर आहेत.

इंग्लंडमधील सर्वसाधारण माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थी असतात. त्या मानाने तीनशे-चारशे विद्यार्थ्यांची शाळा लहान म्हणावी लागेल. अशा शाळेत एका वर्षाच्या तुकडीत साठ किंवा ऐंशी मुले असतात. मुख्याध्यापकाला प्रत्येक मुलाचे नाव ठाऊक असते, हे तिचे भूषण. बुजऱ्या मुलाला, प्राथमिक शाळेच्या उबेतून एकदम मोठ्या जगात येणाऱ्या मुलाला, ही गोष्ट किती मोलाची असते ते त्याचे आईवडील जाणतात. परंतु हीच लहान संख्या शाळेची पारख अवघड करून सोडते.

परीक्षेचे निकाल घ्या. सोळाव्या वर्षी मुले जी.सी.एस.ई. परीक्षा देतात आणि इंग्रजी व गणित या दोन्ही विषयांत अपेक्षित श्रेणी मिळविणाऱ्यांची टक्केवारी दरवर्षी प्रसिद्ध होते. समजा, एका शाळेच्या तुकडीत साठ मुले आहेत. येथे एका मुलाचे वजन जवळजवळ पावणेदोन टक्के भरते. एक मुलगी आजारी पडली, एका मुलाचे घर मोडले, दोघे वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या देशातून आले, एवढ्याने शाळेचा निकाल सहा-सात टक्क्यांनी घसरतो. गणिताच्या नियमाने सांगायचे तर, ज्या शाळेची खरी योग्यता पासष्ट टक्क्यांची आहे, तिचा निकाल केवळ योगायोगाने एका वर्षी त्रेपन्न आणि दुसऱ्या वर्षी सत्त्याहत्तर लागला, तरी त्यात नवल मानण्याचे कारण नाही. दोनशे चाळीस मुलांच्या शाळेत हे हेलकावे निम्म्यावर येतात. म्हणून ज्या वर्षी लहान शाळेच्या फाटकावर 'सर्वोत्तम निकाल' असा फलक झळकतो, त्या वर्षी पालकांनी आनंदून जाऊ नये. आणि ज्या वर्षी स्थानिक वृत्तपत्रात घसरणीची बातमी येते, त्या वर्षी पाठही फिरवू नये. किमान तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. तीनही वर्षे एकच दिशा दिसत असेल, तर मात्र ती दिशा खरी असण्याचा संभव अधिक.

अकराव्या वर्षी मूल कोठे होते आणि सोळाव्या वर्षी कोठे पोहोचले, याची देशातील तशाच मुलांशी तुलना करणारे 'प्रोग्रेस एट' नावाचे माप २०१६ पासून वापरात आले. नुसत्या टक्केवारीपेक्षा ते न्याय्य आहे, कारण हुशार मुले निवडून घेणाऱ्या शाळेला ते फुकटचे श्रेय देत नाही. पण लहान शाळेत त्याचीही शंकेची मर्यादा रुंद असते; साठ मुलांच्या तुकडीसाठी ती दर विषयामागे सुमारे एक-तृतीयांश श्रेणी वर आणि तितकीच खाली इतकी येते. ही मर्यादा आकड्याबरोबरच छापलेली असते आणि बहुतेक पालक ती वाचतच नाहीत. शिवाय २०२५ आणि २०२६ या परीक्षावर्षांसाठी हे माप काढलेच गेले नाही. या तुकड्या अकरा वर्षांच्या असताना, म्हणजे २०२० व २०२१ मध्ये, महासाथीमुळे प्राथमिक शाळांच्या अखेरच्या चाचण्या झाल्या नव्हत्या. सुरुवातीचा आकडाच नसेल तर प्रगती मोजणार कशावरून?

टक्केवारीपेक्षा अधिक बोलका असा एक साधा प्रश्न आहे, आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. पहिल्या वर्षी या तुकडीत किती मुले दाखल झाली होती आणि परीक्षेला किती बसली? सत्तर दाखल झाली व अठ्ठावन्न बसली असतील, तर मधली बारा कोठे गेली, हे जाणून घेण्याचा पालकांना अधिकार आहे. काही कुटुंबे गाव सोडून गेली असतील. लंडनसारख्या शहरात ते नित्याचेच. पण निकाल खाली ओढतील अशा मुलांना गोड बोलून शाळेबाहेर वाट दाखविण्याचे प्रकार इंग्लंडमध्ये घडलेले आहेत आणि शासकीय तपासणी संस्थेने त्यांचा निषेधही केला आहे. मुख्याध्यापकाने या प्रश्नाला बारा मुलांची बारा कारणे शांतपणे सांगितली, तर ती शाळा मुलांना खरोखर ओळखते असे समजावे.

तपासणी संस्थेचे, म्हणजे ऑफस्टेडचे, अहवाल अवश्य वाचावेत. त्यावर फार वेळ घालविण्याची गरज नाही. पूर्वी ही संस्था संपूर्ण शाळेला एकच शेरा देत असे. सप्टेंबर २०२४ पासून शासकीय शाळांसाठी ती पद्धत बंद झाली आणि नोव्हेंबर २०२५ पासून निरनिराळ्या अंगांचे वेगवेगळे मूल्यमापन करणारे प्रगतिपत्रक आले. अहवालाच्या मजकुराइतकीच त्याची तारीख महत्त्वाची. चार वर्षांपूर्वीचा उत्तम शेरा ज्या मुख्याध्यापिकेच्या काळातला, त्या जर आता तेथे नसतील, तर तो शेरा माजी शाळेचा आहे.

यावरून लहान शाळेचे दुसरे मर्म लक्षात येते. मोठ्या शाळेत गणित विभागात दहा-बारा शिक्षक असतात. दोघे सोडून गेले तरी गाडा चालत राहतो. लहान शाळेत तीन असतात. त्यांपैकी एक निवृत्त झाला आणि एक प्रसूती रजेवर गेली, की वर्षभर बदली शिक्षकांची ये-जा सुरू होते आणि तेच वर्ष नेमके परीक्षेचे असू शकते. जर्मन शिकविणारा एकच शिक्षक असेल, तर तो गेल्यावर जर्मन भाषाच शाळेतून निघून जाते. म्हणून गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक आले, किती गेले, आणि पदार्थविज्ञान शिकविणारी व्यक्ती पदार्थविज्ञानच शिकलेली आहे काय, हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुले परीक्षेचे विषय निवडतात. त्या वेळी कोणते विषय प्रत्यक्षात शिकविले गेले, हे पाहावे. माहितीपत्रकातील यादीत वीस विषय असले तरी पुरेशी मुले न मिळाल्यामुळे त्यांतील सहा उघडलेच गेले नसतील. विज्ञानाच्या तीन शाखा स्वतंत्रपणे घेता येतात, की दोन प्रमाणपत्रांचे एकत्रित विज्ञानच सर्वांना घ्यावे लागते? पुढे वैद्यकाकडे वा अभियांत्रिकीकडे डोळे लावून बसलेल्या घरात, आणि भारतीय वंशाच्या अनेक घरांत ते लावलेले असतातच, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जातो. अर्थात एकत्रित विज्ञान घेऊनही ते दरवाजे बंद होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. बऱ्याच लहान शाळा सोळाव्या वर्षीच संपतात. २०१५ पासून इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षापर्यंत कोणत्या ना कोणत्या शिक्षणात वा प्रशिक्षणात राहणे बंधनकारक आहे. तेव्हा अशा शाळेची निवड म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा एकदा निवड, हे मनात धरूनच ठेवावे.

आता चर्चचा प्रश्न. चर्च ऑफ इंग्लंडच्या शिक्षणकार्याविषयी १९७० साली डरॅमचे बिशप इयन रॅम्झी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात या शाळांचे दोन हेतू स्पष्टपणे वेगळे केले होते: चर्चने आपल्या स्वतःच्या मुलांना आपल्या श्रद्धेचे शिक्षण देणे हा एक, आणि श्रद्धा न पाहता देशातील मुलांची सेवा करणे हा दुसरा. दोन्ही हेतू प्रामाणिक आहेत. पण साठ जागांच्या शाळेत ते एकमेकांना धक्का मारू लागतात. कोणती शाळा कोणत्या हेतूकडे झुकलेली आहे, हे प्रार्थनागृहातील खिडक्यांवरून कळत नाही. ते प्रवेशाच्या नियमांवरून कळते. हा दस्तऐवज शाळेला प्रसिद्ध करावाच लागतो. जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर कोणाला आधी घ्यावयाचे, याचा क्रम त्यात दिलेला असतो. शासनाच्या देखभालीखाली वाढणाऱ्या निराश्रित मुलांचा त्यात अग्रक्रम असतो. त्यानंतर काही शाळा नियमित चर्चला जाणाऱ्या कुटुंबांना पुढे घेतात आणि त्यासाठी धर्मोपदेशकाच्या सहीचा वेगळा अर्ज मागतात. काही शाळा निम्म्या जागा सर्वांसाठी खुल्या ठेवतात. काही शाळा केवळ घराचे अंतर पाहतात. मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की एकाएकी रविवारच्या उपासनेला येऊ लागणारी आणि प्रवेश मिळताच दिसेनाशी होणारी कुटुंबे इंग्लंडमधील धर्मोपदेशकांच्या चांगल्या परिचयाची आहेत. त्यांच्यावर हसणे सोपे आहे; पण ज्या नियमांनी त्यांना तेथे आणले, ते नियम त्यांनी केलेले नसतात.

अर्ज कमी असतील तर हे सारे नियम निरुपयोगी ठरतात; जागा रिकामी असताना श्रद्धेच्या कारणावरून मुलाला नाकारता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे चर्चला जाणाऱ्यांची रांग लागते की येईल त्याचे स्वागत होते, या प्रश्नाच्या उत्तरातच शाळेच्या मागणीचाही अंदाज मिळतो. दुपारचे जेवण मोफत मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण शाळेत किती आणि आजूबाजूच्या वस्तीत किती, हेही पडताळून पाहावे. वस्ती गरिबांची आणि शाळा सुखवस्तूंची असेल, तर तिच्या उत्तम निकालांपैकी काही श्रेय निवडीच्या चाळणीचे आहे.

हिंदू, मुसलमान, शीख वा कोणताच धर्म न मानणाऱ्या कुटुंबांची मुले चर्चशाळांत मोठ्या संख्येने शिकतात. काही शहरांत तर अशा शाळांतील बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. धार्मिक शिक्षणातून आणि सामुदायिक उपासनेतून मुलाला बाहेर ठेवण्याचा हक्क कायद्याने पालकांना दिलेला आहे. तथापि, कायद्यातील हक्क आणि शाळेतील सकाळ यांत अंतर असते. हजार मुलांच्या शाळेत एखादे मूल उपासनेच्या वेळी ग्रंथालयात बसले, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तीनशे मुलांच्या शाळेत ते साऱ्यांच्या लक्षात येते. तेव्हा 'हक्क आहे का' असे न विचारता, 'आज असे किती विद्यार्थी आहेत आणि त्या वेळी ते कोठे बसतात' असे विचारावे. उत्तर जर 'असे अजून कोणी मागितलेले नाही' असे आले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात: उपासना इतकी उदार आहे की कोणाला खटकली नाही, किंवा कोणाला मागण्याचा धीर झाला नाही. यांतील कोणता खरा, ते उपासनेच्या वेळी सभागृहात मागच्या बाकावर बसून पाहिले तरच समजेल. चर्चची स्वतःचीही एक तपासणी असते. शाळा आपल्या ख्रिस्ती ध्येयाशी प्रामाणिक आहे की नाही, ते ती पाहते. तिचा अहवाल अख्रिस्ती पालकांनी तर अधिकच काळजीपूर्वक वाचावा. शाळेचा धर्म भिंतीवरील फलकांत आहे की चुकलेल्या मुलाला वागविण्याच्या रीतीत आहे, याचे सूचन त्यात कधी कधी मिळून जाते.

शाळा पाहावयास जावे ते शक्यतो साध्या कामाच्या दिवशी. पालकांसाठी खास भरविलेल्या संध्याकाळी प्रयोगशाळेत रंगीत ज्वाळा उठतात आणि निवडक मुले वाट दाखवितात. कामाच्या दिवशी तास बदलताना मार्गिकेत उभे राहिले तर पाच मिनिटांत बरेच कळते: शिक्षक मुलांना नावाने हाक मारतात का, मोठी मुले लहानांना वाट देतात का. स्वच्छतागृह पाहावे, तेथे मुले जावयास धजतात की नाही, हे विचारावे. आणि एकच प्रश्न मुख्याध्यापकाला, एखाद्या शिक्षिकेला आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला, तिघांना वेगवेगळा विचारावा: येथे एखाद्या मुलाला इतर मुले छळू लागली तर तो कोणाकडे जातो? तिघांनी एकाच व्यक्तीचे नाव घेतले, तर लहान शाळेचा जिव्हाळा हा केवळ माहितीपत्रकातला शब्द नाही. लहान शाळेत छळणाऱ्यापासून दूर जाण्यासाठी दुसरी तुकडी, दुसरे आवार नसते, म्हणून हा प्रश्न तेथे दुप्पट महत्त्वाचा.

राहिला तो शाळेच्या आयुष्याचा प्रश्न. शाळेची मान्य क्षमता किती आणि प्रत्यक्ष पट किती, हे शासनाच्या नोंदीत कोणालाही पाहता येते. पट तीन वर्षे उतरत असेल आणि सर्वांत खालचा वर्ग सर्वांत लहान असेल, तर ती उतरण पुढची पाच वर्षे वरवर सरकत जाणार हे उघड आहे. प्राधिकरणाच्या शाळेतील नियामक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते इच्छुकाला पाहावयास मिळू शकतात. अकॅडमी चालविणाऱ्या न्यासाचे वार्षिक हिशेब प्रसिद्ध होतात. तूट आहे काय, आणि ती भरून काढण्यासाठी कोणते विषय वा कोणते शिक्षक कमी होणार आहेत, हे तेथे लिहिलेले असते. शाळा मध्येच बंद झाली, तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या अर्ध्यावर असलेल्या मुलाला नव्या शाळेत वेगळ्या परीक्षामंडळाचा अभ्यासक्रम मिळू शकतो. एका नाटकाऐवजी दुसरे नाटक, एका कालखंडाच्या इतिहासाऐवजी दुसरा. धर्मप्रांताची शेजारी दुसरी माध्यमिक शाळा आहे काय, आणि ती मुले सामावून घेईल काय, हे त्या कार्यालयाला सरळ विचारता येते.

अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबरला संपते आणि जागा १ मार्चला कळते. अर्जात किमान तीन शाळा लिहिता येतात, लंडनमध्ये सहा. पालकांत असा एक समज पसरलेला असतो की चर्चशाळेचे नाव पहिले लिहिले नाही तर ती रागावते. पालकांनी कोणता क्रम लिहिला, हे शाळेला कळविलेच जात नाही. तेव्हा क्रम मनातला खरा असेल तोच लिहावा, आणि धर्मोपदेशकाच्या सहीचा वेगळा अर्ज लागत असेल, तर तो मुदतीच्या आदल्या आठवड्यावर न टाकता सप्टेंबरमध्येच मागून घ्यावा.